झोपायचा कान

मुलं निरागस असतात असं म्हणायची पद्धत आहे. मी माझी दोन वाढवली, नणंदेची दोन सुट्टीत सांभाळली, आता नातवंडं बघते. निरागस त्यांतलं कुणी नव्हतं. मुलांना सगळं कळतं. कुठे गप्प बसायचं तेवढं कळत नाही, आणि ते आपण शिकवेपर्यंत घरातलं बरंच काही बाहेर जाऊन पोचलेलं असतं.

आमचं घर भिवंडीत, यंत्रमागांच्या शेडला लागून. स्वयंपाकघर आणि शेड यांच्यात एक भिंत, भिंतीत एक दार. शेड सासऱ्यांनी बांधली होती, पण मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते. घरात सासू, नवरा, एक नणंद आणि मी. नवरा माग बघायचा. शुक्रवारी माग बंद, बाकीचे दिवस खटखट खटखट. आमचेच नाही, मागचे, पुढचे, गल्लीतले सगळे. फडताळातल्या बश्या आपोआप सरकत कडेला यायच्या आणि दिवसातून एकदा त्या मागे ढकलाव्या लागायच्या.

माझं माहेर कशेळीचं, खाडीकाठचं. तिथे कुणी ओरडलं तर भांडण असायचं. त्यामुळे पहिला महिना मला वाटायचं, ही माणसं माझ्यावर चिडली आहेत. सासू भाजीला मीठ किती घालू तेसुद्धा खेकसून विचारायची. मग कळलं, इथे प्रेमानेही असंच बोलतात. मीही तशीच झाले. अजून आहे. सून म्हणते, आई, फोन न करता बोललात तरी पुण्याला ऐकू जाईल.

शेडमध्ये ओरडूनही भागत नसे. तिथे लोक तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे. ओठ कसे हलतात त्यावरून. शेडच्या ह्या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला आवाज न काढता सांगायची, पोराला ताप आहे, आज लवकर जाते. आणि तिला कळायचं. ह्यात माझी नणंद सगळ्यांत पुढे. ती लहानपणापासून कांडी भरायला बसायची. धोट्यात जी सुताची कांडी लागते ती भरायचं मशीन शेडच्या कोपऱ्यात होतं, आणि तिथे बसलं की डावी बाजू मागांकडे येते. तिचा डावा कान गेला. तो लहानपणी एकदा फुटलाही होता. फुटल्यामुळे गेला की मागांमुळे, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. उजवा ठणठणीत होता. ती स्वतः त्याचं काही मानत नसे. डावीकडून कुणी बोललं की मान वळवायची आणि म्हणायची, "काय?" आमच्याकडे सगळेच दिवसभर "काय?" म्हणत असत, म्हणून बाहेरच्या कुणाला शंका येत नव्हती.

माझी मुलगी ऐंशीनंतरची. पाळणा शेडच्या भिंतीला लागूनच टांगलेला. माग चालू असले की ती झोपायची आणि लाईट गेली की दचकून उठायची. दोन वर्षांची असताना तिला कशेळीला घेऊन गेले. दुपारी सगळे आडवे झाले, तर ही अंगणात उभी राहून माझ्या आईला विचारते, "इथं कोन मेलंय?" माझी आई घाबरली. मला म्हणाली, पोरीला काही दिसतं का? दिसत काही नव्हतं. गल्लीत कुणी गेलं तर आमच्याकडे मान म्हणून तेवढ्यापुरते माग बंद ठेवायचे. तिला शांतता म्हणजे मयत एवढंच माहीत.

बालवाडीत घातली तर आठवड्याभरात बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुमची मुलगी मला रोज विचारते, बाई, तुम्हाला बरं वाटत न्हाय का?" मी घरी येऊन तिला विचारलं, असं का विचारतेस गं? म्हणाली, "बाई हलू बोलतात. आजी आजारी असली की तशी बोलते."

अजून एक होतं. शेडमधले कारागीर उत्तरेकडचे, त्यांच्याशी बोलणं हिंदीत. घरात आम्ही बायका मराठीत. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की हिंदी ही पुरुषांची भाषा आणि मराठी बायकांची. एकदा तिला कानदुखीसाठी नवीन डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला मिशीवाला. तो म्हणाला, "काय बाळ, कुठे दुखतंय?" ही माझ्याकडे वळून भर दवाखान्यात, "आय, ह्यो बाप्या बायांसारखा बोलतो!" बाहेर बसलेल्या लोकांनाही ऐकू गेलं. मी म्हटलं, अगं, तुझा बाबा पण मराठीच बोलतो की. तर म्हणे, "बाबा आर्धा आर्धा हाय."

हे असं सांगत बसले तर संपायचं नाही. मला जे सांगायचं आहे ते नणंदेला बघायला आले होते त्या दिवसाचं.

मुलगी तेव्हा चार पूर्ण होऊन पाचव्यात होती. नणंदेचं वय आमच्याकडच्या हिशेबाने पुढे गेलं होतं. आधी दोन ठिकाणी बोलणी झाली आणि दोन्हीकडे कानाचं सांगितल्यावर माणसं परत आली नाहीत. आता अंबाडीहून स्थळ आलं. नाक्यावर मुलाचं बी-बियाण्याचं दुकान, घरी आई, मोठं कुणी म्हणून मामा. माणसं बरी वाटत होती. सासूने ठरवलं, ह्या वेळी कानाचं सांगायचं नाही.

नणंदेला ते मान्य नव्हतं. ती मला चुलीपाशी म्हणाली, "वहिनी, लपवून गेले तर जन्मभर मान तिरकी करून जगायचं का? आज न्हाय तर उद्या कळंलच. मंग मला खोटारडी म्हनतील." मी म्हटलं, आईंना सांग. ती म्हणाली, "सांगितलं. आय म्हनते, आधी अक्षता पडू दे, कान कुठं पळून चाललाय." तिला ते स्थळ हवं होतं, हे मला दिसत होतं. साडी कुठली नेसू हे तिने मला तीनदा विचारलं, एरवी ती असल्या गोष्टींत नसायची. पण खोटं बोलून नको होतं, आणि खरं बोललं तर मिळेल असं वाटत नव्हतं. तिची रात्रंदिवस तीच ओढाताण चाललेली.

आता सासूची अक्कल ऐका. पाहुण्यांनी शुक्रवार कळवला होता, माग बंद असतील, निवांत बसता येईल म्हणून. सासूने सांगितलं, शुक्रवार न्हाय जमत, रविवारी या. नवरा म्हणाला, "आई, रविवारी माग चालू असतात, बोलणं कसं ऐकू येणार?" तर सासू म्हणाली, "तेच तर पायजे. कुनालाच कुनाचं ऐकू आलं न्हाय, तर तिलाच येत न्हाय हे कसं कळंल?"

ही सगळी मसलत झाली ती शेडच्या दारात उभं राहून. आमच्याकडे गुप्त बोलायचं तर दारातच जायचं. घरात बोललं तर पलीकडची शेजारीण ऐकेल, दारात मागांच्या आवाजात शेजाऱ्याचा कानही पोचत नाही. नवऱ्याची आणि माझी भांडणंसुद्धा दारातच व्हायची. आणि तिथेच, उंबऱ्यापाशी, माझी मुलगी रिकाम्या कांड्यांची उतरंड रचत बसलेली असायची. तिला काय ऐकू जाणार, असं आम्हाला वाटायचं. ऐकायची गरजच नव्हती तिला. ती मान वर करून आमच्या तोंडांकडे बघायची. मागाशेजारी जन्मलेलं पोर, ते ओठ वाचायला शिकणार नाही तर काय करणार? पण हे घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही.

रविवारी पाहुणे आले. नवरामुलगा, त्याची आई आणि मामा. खोली अशी मांडली होती की नणंदेचा उजवा कान पाहुण्यांकडे येईल. पाट सासूने स्वतः ठेवला, दोनदा सरकवून बघितला. आणि नवरामुलगा आला तो सरळ जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. डाव्या बाजूला. सासूचा चेहरा उतरला, पण पाहुण्याला उठ कसं म्हणणार?

माग चालू. बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा.

मुलाची आई ओरडली, "सैपाक येतो का?"

नणंद म्हणाली, "येतो!"

"काय?"

"येतो!"

मामा ओरडले, "जत्रा?"

"सैपाक, सैपाक!"

सासू खूश. तिचं गणित बरोबर येत होतं. मग मुलाने काहीतरी विचारलं. नणंद समोर बघत होती, तिला कळलंच नाही. सासूने मध्येच तोंड घातलं, "सातवी! सातवी झालीय!" मुलगा म्हणाला, "मी नाव विचारलं." ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल.

मी पोहे फिरवत होते. मुलगी माझ्या पदराला धरून. मामा मुलाच्या आईकडे वाकून काहीतरी बोलले. आवाज इतका होता की त्यांना वाटलं आपण चौकात बसून बोललो तरी चालेल. नणंदेने ते पाहिलं आणि खाली बघायला लागली. मुलीनेही पाहिलं, ते मला नंतर कळलं.

तेवढ्यात मुलाने पुन्हा डाव्या बाजूने काहीतरी विचारलं, आणि मुलगी माझा पदर सोडून त्याच्या खुर्चीपाशी गेली. तिचा नेहमीचा आवाज म्हणजे शेडमधला आवाज. ती त्याला सांगायला लागली, "काका, तिकरून बोलू नको, त्या कानात ऐकू येत न्हाय..." आणि लाईट गेली.

ज्यांनी मागांची गल्ली पाहिली आहे त्यांना माहीत आहे लाईट गेली की काय होतं. एक एक माग धापा टाकत थांबतो आणि मग अशी शांतता पडते की डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं वाटतं. त्या शांततेत माझी मुलगी सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं वाक्य बोलली, "आजी बोलली, लगीन लागंपरेंत सांगायचं न्हाय!"

 सासूने पुढे होऊन मूठभर पोहे तिच्या तोंडात कोंबले. उशीर झाला होता.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "काय सांगायचं नाही?"

मुलगी तोंडात पोहे असल्याने कानाकडे बोट दाखवायला लागली. सासू म्हणाली, "पोर हाय, काय पन बोलतं." नवरा दाराकडे बघत होता, लाईट कधी येते म्हणून. आणि मग नणंद बोलली. ती पहिल्यांदाच हळू बोलली, ओरडायची गरज नव्हती म्हणून. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. उजवा चांगला आहे. सांगायचं होतं, राहिलं."

"राहिलं?" मुलाची आई म्हणाली.

"ठेवलं," नणंद म्हणाली.

मुलाच्या आईने मामांकडे पाहिलं. मामा घसा साफ करून म्हणाले, "बरं. आम्ही घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो." हे वाक्य आम्ही आधी दोनदा ऐकलं होतं. नणंद पाटाची कड नखाने उकरत बसली.

मुलीने तेवढ्यात पोहे गिळले. म्हणाली, "मामांनी केला ना विचार."

मामा म्हणाले, "काय गं?"

"मगाशीच केला. तुमी बोलले, नाक बसकं हाय, पन आपला पोरगा तरी कुठं राजबिंडा हाय, उरकून टाक."

आता तिकडच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मामांचे कान लाल. नवरामुलगा मामांकडे बघतोय. मामा म्हणाले, "हे... हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की. तोंडानं."

नणंदेला हसू आवरेना. तिनेही ते वाचलंच होतं. ती पदर तोंडावर धरून हसली, मग मुलगा हसला, आणि सगळ्यांत शेवटी त्याची आई. ती माझ्यासारखीच रोखठोक बाई निघाली. म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही कान लपवलात, आमच्या भावाने नाक काढलं. फिटंफाट झाली." विहीणबाई म्हणाली ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सासूने तर लगेच माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. पण बाई पुढे म्हणाली, "तरी विचार करूच. मला लपवलेलं आवडत नाही."

मुलाने खुर्ची उचलली आणि नणंदेच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली. आमच्याकडे अजून ही गोष्ट निघाली की बाया म्हणतात, बघा, काय समजूतदार माणूस! मला वाटतं खिडकीतून ऊन येत होतं. काही असो, तिथे बसून त्याने तिला नाव विचारलं आणि तिने सांगितलं. मग लाईट आली आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.

पाहुणे गेल्यावर सासूने मुलीशी बोलणं सोडलं. आमच्याकडे ही शिक्षा मोठ्यांना करतात, पण तिने ती चार वर्षांच्या पोरीला केली. तोंड फिरवून बसायची. मुलगी तिच्याभोवती फिरून समोर जायची, सासू पुन्हा वळायची. शेवटी मुलगी म्हणाली, "आजी, बोलू नको, पन तोंड तरी हालव. मी वाचीन."

मी नणंदेला विचारलं, काय वाटतं? ती कांडी भरत होती. म्हणाली, "आले तर आले. नाय आले तर नाय. मला आता मान तिरकी करायची न्हाय, एवढं झालं." आणि त्या दिवसापासून ती खरंच कुणालाही सांगायला लागली, इकडून बोला. दूधवाल्याला, कासाराला, सगळ्यांना. सासू म्हणायची, दवंडी पिटव आता. पण दुसऱ्या वेळी म्हणाली नाही.

निरोप उशिराच आला. मामा स्वतः आले, शुक्रवारी, माग बंद असताना. चहा होईपर्यंत त्यांनी तोंडासमोर हात धरून ठेवला होता. माझी मुलगी उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती म्हणून. मग त्यांनी हात काढला आणि म्हणाले, तिच्याकडेच बघून, "वाच. होय म्हनलंय." मुलगी म्हणाली, "आज ऐकू येतंय की." लग्न त्याच वर्षी झालं.

नणंदेला दोन मुलगे झाले. नव्वदनंतर दोघेही मे महिन्यात आमच्याकडे यायचे. धाकटा तीन-साडेतीनचा असताना माझ्या मागे लागला, "मामी, तुझा झोपायचा कान कुठला?" मी म्हटलं, झोपायचा कान म्हणजे? त्याने मला मूर्खाला समजवावं तसं समजावलं. आईला एक कान ऐकायचा असतो आणि एक झोपायचा. झोपताना ऐकायचा उशीखाली ठेवायचा, झोपायचा वर. मग पोरांनी कितीही बोंबललं तरी आई उठत नाही. नणंद खरोखर तशीच झोपायची, उजव्या कुशीवर, सुखात. एवढी गाढ झोप आमच्या घरात दुसऱ्या कुठल्याच बाईला मिळाली नाही.

मी म्हटलं, "मला दोन्ही ऐकायचेच दिलेत बाबा."

"मंग तू झोपते कशी?" त्याला माझी खरीच कीव आली होती.

सासूला तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. ती ते कबूल करायची नाही. माग थांबलेले असले तरी म्हणायची, मागांचा आवाज फार आहे. एका शुक्रवारी पलीकडची शेजारीण शिरखुर्म्याचं भांडं परत न्यायला आली आणि सासूशी बोलायला लागली. सासू नुसती मान हलवत होती. धाकटा अंगणात गोट्या खेळत होता. तो उठून शेजारणीपाशी गेला आणि म्हणाला, "चाची, जोरसे बोलो. आजीचे दोनी कान झोपायचे झाले."

शेजारीण ओठ दाबून माझ्याकडे बघायला लागली.  सासूला ऐकू गेलंच नव्हतं. पण ती शेडच्या दारात जन्म काढलेली बाई, तिची नजर पोराच्या तोंडावर होती.

"गाढवा," सासू म्हणाली, "मी बघितलं तू काय बोललास."

मग तिने शेजारणीला हाताने जवळ बोलावलं, पाट उजव्या बाजूला सरकवला आणि म्हणाली, "इकरून बोल. ह्यो अजून थोडा जागा हाय."